सड, कास आणि धार: दगडी होण्याआधी गोठ्यात करायची कामं

गाईला दगडी (कासेचा दाह, म्हणजे मस्टायटिस) झाली की गोठ्यात पहिली चर्चा औषधाची होते. कोणती ट्यूब सोडायची, इंजेक्शन किती दिवस, मागच्या वेळी कशाने गुण आला होता. जंतू आत शिरले कुठून, हे कुणी विचारत नाही. क्षयासारखे मोजके आजार रक्तातून कासेत उतरतात. बाकी जवळजवळ सगळी दगडी एकाच वाटेने येते, ती म्हणजे सडाच्या टोकावरचं भोक. ही वाट जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची आहे आणि तिच्यावर दिवसातून दोनदा आपलाच हात नाहीतर आपलंच यंत्र चालतं. म्हणून या लेखात औषधं कमी आहेत आणि त्या एका सेंटिमीटरची काळजी जास्त.

दोन-चार ते वीस-पंचवीस संकरित गाईंचा गोठा डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. म्हशीचं जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगितलं आहे.

कास आतून कशी असते

कासेचे चार कप्पे असतात आणि प्रत्येकाला आपापला सड. डाव्या-उजव्या बाजूंच्या मध्ये जाड बंध असतो, पुढच्या-मागच्या कप्प्यांमध्ये पातळ पडदा. एका कप्प्यातलं दूध दुसऱ्यात जात नाही. म्हणजे एका सडातला आजार शेजारच्या सडात आतून जात नाही, तो बाहेरून जातो: हाताने, फडक्याने, यंत्राच्या लायनरमधून (सडावर बसणाऱ्या रबरी नळीतून). एकाच गाईचे दोन सड पाठोपाठ बिघडले, तर गाईत खोट शोधण्याआधी धार काढणाऱ्याचे हात बघा. मागचे दोन कप्पे मोठे असतात, एकूण दुधाचा साधारण ६० टक्के वाटा त्यांचा.

दूध तयार होतं वरच्या भागात, द्राक्षाच्या घडासारख्या लटकलेल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये. एक लिटर दूध बनायला कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावं लागतं. पिशव्यांतून बारीक नळ्या, त्यांतून सडाच्या वरची मोठी पोकळी, मग सडातली पोकळी आणि शेवटी टोकाची नळी, असा दुधाचा प्रवास. धारेला बसतो तेव्हा कासेतल्या दुधाचा जेमतेम पाचवा हिस्सा खालच्या पोकळीत उतरलेला असतो. उरलेलं वर पिशव्यांत अडकलेलं असतं आणि पान्हा सोडल्याशिवाय ते खाली येत नाही. म्हशीत आणि आपल्या देशी गाईंत खालच्या पोकळीतलं दूध आणखी कमी असतं, म्हणून त्यांना वासरू किंवा रेडकू लावण्याची गरज जास्त भासते.

आता ती टोकाची नळी. लांबी ८ ते १२ मिलिमीटर. भोवती स्नायूचं कडं असतं, ते धारांच्या मधल्या काळात नळी आवळून धरतं. नळीच्या आतल्या बाजूला केरॅटिनचा थर असतो. नखं आणि शिंगं ज्याची बनतात तोच हा पदार्थ, इथे मात्र मेणचट. आत येऊ पाहणारे जंतू या थरात अडकतात, प्रत्येक धारेबरोबर थोडा थर वाहून जातो आणि नवा तयार होतो. हा थर ओरबाडला गेला किंवा कडं सैल पडलं की जंतूंना वर जायला मोकळी वाट मिळते. कोणतीही काडी, सुई किंवा नळी सडात घालू नका असं डॉक्टर सांगतात, त्याचं कारण हे आहे.

धार काढून झाल्यावर कडं लगेच आवळत नाही. पुरतं मिटायला अर्धा-पाऊण तास, काही गाईंत त्याहून जास्त वेळ लागतो. नुकत्याच व्यायलेल्या, कॅल्शियम कमी पडलेल्या गाईत कडं आणखी सुस्त असतं. त्यातच ती अशक्तपणामुळे ओल्यात बसून राहते. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दिवसांतल्या दगडीत या दोन गोष्टींचा मोठा वाटा असतो.

आणखी एक. सडाच्या कातडीवर केस नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलाच्याही नसतात. अंगावरच्या कातडीला आपोआप मिळणारं तेल सडाला मिळत नाही. म्हणून थंडीत, वाऱ्यात, वारंवार भिजून सुकल्यावर सडाला चिरा पडतात आणि त्या चिरांत जंतू घर करतात.

हाताला निरोगी सडाची ओळख करून द्या

धार काढून झाल्यावर, कास रिकामी असताना, निरोगी गाईचा सड अंगठा आणि बोटांमध्ये धरून हलकेच फिरवा. भिंत मऊ आणि सगळीकडे सारखी लागायला हवी. टोकाशी नळी किंचित घट्ट लागते, तेवढं ठीक. मध्येच वाटाण्याएवढी गाठ, दोरीसारखा कडक पट्टा किंवा सडाच्या मुळाशी कडक वळं लागलं, तर आत जुन्या जखमेचा व्रण किंवा मांस वाढलेलं असू शकतं. सगळ्या गाईंचे सड एकदा असे बघून वहीत लिहून ठेवा. बिघाड झाल्यावर पहिल्यांदा हात लावला तर काय बदललं ते कळत नाही.

टोक उजेडात बघा. गोलसर, गुळगुळीत, मधोमध लहान भोक असलेलं टोक उत्तम. भोकाभोवती पातळ गुळगुळीत पांढरं कडं असेल तर काळजी नको. कडं जाड, खरबरीत झालं असेल, त्याला फुलासारख्या चिरा गेल्या असतील, तर धारेची पद्धत किंवा यंत्र त्या टोकाला त्रास देत आहे. गोठ्यातल्या एखाद्याच गाईत असं दिसलं तर दोष बहुधा तिच्या सडाच्या घडणीत आहे. अर्ध्या गाईंत दिसलं तर तो यंत्राचा.

धारेला हलकी गाय सगळ्यांना आवडते, पण फार हलकी गाय म्हणजे नळी रुंद. कास भरली की जिच्या सडातून आपोआप दूध ठिबकतं, तिला दगडीचा धोका जास्त. विकत घेताना हे आठवा. बाजारात मात्र नेमकं उलटं चालतं: कास मोठी दिसावी म्हणून गाईचं दूध तुंबवून आणतात, सडातून गळणारं दूध कौतुकाने दाखवतात. तुंबवलेल्या कासेवर ताण पडतो आणि उघड्या टोकाने ती गाय टेम्पोत, बाजाराच्या चिखलात उभी असते. अशी गाय घरी आणली तर पहिला आठवडा तिची धार सगळ्यात शेवटी काढा आणि चारही सड तपासूनच तिला इतरांच्या ओळीत घ्या.

मागून बघताना कासेच्या मधोमध खाच दिसली पाहिजे, आणि कासेचा तळ मागच्या पायाच्या टोकदार सांध्याच्या वर राहिला पाहिजे. खाच नाहीशी झाली, सड बाहेरच्या बाजूला फाकले, म्हणजे मधला बंध ढिला पडला. पुढच्या वेतांत ही कास आणखी लोंबणार. सडावर खूर पडणं, काटा-तार लागणं अशा कासेतच जास्त घडतं.

धार: सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आधी गाईंचा क्रम ठरवा. पहिलारू आणि निरोगी गाई आधी, जुन्या वेताच्या नंतर, पूर्वी दगडी झालेल्या त्यामागून आणि चालू उपचाराच्या सगळ्यात शेवटी. या एका बदलाला पैसा लागत नाही, तरी बहुतेक गोठ्यांत गाई ज्या खुंट्यावर बांधल्या त्याच क्रमाने धार निघते. धारेच्या आधी झाडलोट करू नका, सुका चारा उधळू नका, हवेतली धूळ सडावर बसते. नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले हवेत.

पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या काढा. काळ्या रंगाच्या वाटीत, नाहीतर वाटीवर काळं कापड ताणून त्यावर. काळ्यावर दुधातल्या गाठी, फुटी, पाणचटपणा लगेच उठून दिसतो. या धारा जमिनीवर किंवा तळहातावर घेऊ नका, त्यात जंतू सगळ्यात जास्त असतात. याच स्पर्शाने पान्ह्याची सुरुवातही होते.

मग सड स्वच्छ करायचे. इथे आपल्याकडची सवय मोडायला हवी. बादलीने कासेवर पाणी मारलं की वरची घाण ओघळून सडाच्या टोकाशी येते आणि धार चालू असताना तिथूनच ठिबकत राहते. कास धुवायची नाही, फक्त सड. आणि सड कोरडे, स्वच्छ असतील तर पाणीही नको. शेण लागलं असेल तर थोड्या पाण्याने तेवढेच सड धुवा, कोरडे करा, मग सड बुडवायचं जंतुनाशक कपातून लावा. ते सडावर निदान ३० सेकंद राहू द्या आणि पुसून घ्या. पुसताना टोक चिमटीत धरून किंचित पिळल्यासारखं फिरवा, खरी घाण तिथेच असते. दर गाईला वेगळं फडकं. दहा गाई असतील तर दहा फडकी, धार झाल्यावर उकळलेल्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलेली. एकच ओलं फडकं ओळीने सगळ्या गाईंना फिरवणं म्हणजे एकीचे जंतू दुसरीला नेऊन देणं.

पहिल्या स्पर्शापासून साठ ते नव्वद सेकंदांत धार सुरू करा. स्पर्शाचा संदेश मेंदूत जातो, तिथून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं, पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसतात आणि दूध खाली येतं. याचा जोर पाच-सात मिनिटं टिकतो. सड धुऊन ठेवले आणि मध्येच दुसरीला पेंड द्यायला गेलात, तर तो जोर वाया गेला. ओरडणं, मारणं, अनोळखी माणूस, कुत्रं यांनी गाय घाबरली तर पान्हा आखडतो. पान्हा हा बराचसा सवयीचा भाग आहे. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रहदारीच्या मध्ये म्हशी शांतपणे पान्हा सोडतात, गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि धार भांड्यात पडत असते. रोजचा माणूस आणि रोजचा क्रम जपला की जनावर जागेला बिचकत नाही.

पान्ह्याच्या इंजेक्शनबद्दल: रोज टोचून पान्हा आणणं गाईच्या अंगाला त्रासाचं आहे. तिची आपोआप पान्हा सोडण्याची सवय जाते, आणि १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, कलम १२ मध्ये, दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणाऱ्या अशा टोचण्या गुन्हा ठरवल्या आहेत.

हाताने धार काढताना सड पूर्ण मुठीत धरा. तर्जनी आणि अंगठ्याने वरची वाट बंद करा, मग एकेक बोट खाली मिटत जा. अंगठा दुमडून त्याच्या पेरावर सड दाबायचा, ही पद्धत गावोगाव चालते आणि तिने वेग येतो हेही खरं. पण तिच्यात सडाच्या आतलं अस्तर रोज चेचलं जातं. काही वर्षांत तिथे व्रण होतात, धार वाकडी पडते, पोकळी बारीक होते. सड ओढूही नका. फार आखूड सडांच्या पहिलारूला मूठ बसत नाही, तिथे दोन बोटांनी काढावी लागते. पण मग बोटांना ओल म्हणून दूध लावू नका. दुधात बोटं बुडवून धार काढली की बोटांवरचे जंतू दुधात आणि दुधातले सडावर असा फेरा सुरू होतो. तूप-लोणी लावण्यानेही घाण धरून राहते.

धार झाली की तत्काळ प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. मला विचाराल तर सगळं सोडून एकच काम करायचं असेल तर हे करा. टोकाची नळी उघडी आहे, टोकावर दुधाचा थेंब आहे, आणि संसर्गाने पसरणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या जंतूंना अडवायला याहून स्वस्त उपाय नाही. ०.५ टक्के आयोडीन असलेलं तयार द्रावण मिळतं. ग्लिसरीन आधीच नसेल तर सहा भाग द्रावणात एक भाग ग्लिसरीन मिसळा, नाहीतर कातडी कोरडी पडून फुटते. फवाऱ्याने सडाची एकच बाजू भिजते, म्हणून कपच बरा. सड मुळापर्यंत बुडाला पाहिजे. कपात शेण पडलं तर द्रावण फेकून द्या, उरलेलं बाटलीत परत ओतू नका.

आणि मग गाईपुढे हिरवी वैरण टाका. पोटासाठी तर आहेच, पण खरं म्हणजे ती पाऊण-एक तास उभी राहावी यासाठी. कडं मिटेपर्यंत तिने बसू नये, एवढंच साधायचं आहे. ज्यांच्याकडे धारेच्या आधीच सगळा खुराक आणि वैरण संपते, त्यांच्या गाई धार झाली की लगेच बसतात.

यंत्र असेल तर

यंत्राने दगडी होते, असं म्हणणारे आणि यंत्राने दगडी जाते, असं म्हणणारे दोघेही भेटतात. यंत्राची निगा कशी आहे यावर ते ठरतं. क्लॉजवळचा, म्हणजे चारही सडांच्या नळ्या जिथे एकत्र येतात तिथला, व्हॅक्यूम (हवा ओढण्याचा जोर) साधारण ३५ ते ४२ किलोपास्कलच्या दरम्यान आणि पल्सेटरचे, म्हणजे लायनर आवळणाऱ्या-सोडणाऱ्या भागाचे, ठोके मिनिटाला ६० च्या आसपास असावेत. घड्याळ लावून ठोके मोजता येतात, महिन्यातून एकदा मोजाच. दूध लवकर यावं म्हणून व्हॅक्यूम वाढवणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक.

रबरी लायनरचं आयुष्य साधारण २,५०० धारांचं. दहा गाई, दोन वेळा, एकच बकेट असेल तर दिवसाला २० धारा, म्हणजे चार महिन्यांत लायनर बदलायचे. बरेचजण ते फाटेपर्यंत वापरतात. त्याच्या खूप आधी रबराचा ताण गेलेला असतो आणि आतल्या बारीक भेगांत जंतू साठलेले असतात.

यंत्र काढताना आधी व्हॅक्यूम बंद, मग क्लॉ हलकेच खाली. ओढून काढलं तर हवा आत घुसते आणि दुधाचे थेंब उलटे सडात फेकले जातात. दूध थांबल्यावर यंत्र लावून ठेवू नका. कासेत वाटीभर दूध उरलं तरी चालतं, शेवटचा थेंब काढायच्या नादात टोक सोलवटतं. यंत्र काढल्यावर त्या क्षणी सड बघा. गुलाबी, मऊ असेल तर उत्तम. निळसर-लाल, मुळाशी उठलेलं वळं, चपटं झालेलं किंवा कडक टोक, यातलं काही दिसलं तर व्हॅक्यूम, पल्सेटर आणि लायनर या क्रमाने तपासा.

दिसत नाही ती दगडी

सुजलेली, गरम, दुखरी कास कोणालाही कळते. पण गोठ्यात उघड दगडीपेक्षा लपलेली जास्त असते. दूध पांढरंशुभ्र, गाय खाते-पिते, फक्त दूध हळूहळू कमी होतं. एक खूण डेअरीच्या पावतीवर असते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दर ठरतो, आणि अचानक एसएनएफ ८.२-८.३ येऊ लागला की आपण पेंड बदलतो, खनिज मिश्रण वाढवतो. खुराकात खोट असू शकते. पण लपलेल्या दगडीत दुधातली साखर आणि केसीन हे प्रथिन कमी होतात, क्षार वाढतात आणि एसएनएफ खाली येतो. पेंडीवर खर्च करण्याआधी सगळ्या गाईंच्या सडांची तपासणी करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

त्यासाठी सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) चाचणी. चार वाट्यांची ताटली असते. पहिल्या धारा टाकून प्रत्येक सडाचं दोन-तीन मिलिलिटर दूध ज्याच्या-त्याच्या वाटीत घ्या, तेवढंच द्रावण घाला आणि दहा सेकंद ताटली गोल फिरवा. दूध पातळ राहिलं तर सड चांगला. घट्ट, चिकट, मध्यभागी गोळा होत असेल तर त्या सडात पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत. जितकं घट्ट तितका त्रास जास्त. निरोगी सडाच्या दुधात या पेशी मिलिलिटरला दोन लाखांच्या आत असतात. सीएमटी द्रावण नसेल तर कपडे धुण्याची पावडर लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम विरघळवून तसंच करता येतं, निकाल थोडा ढोबळ येतो इतकंच. व्यायल्यानंतरचे पहिले पाच-सात दिवस आणि आटत आलेल्या गाईत ही चाचणी विनाकारण घट्ट दाखवते, तेव्हा करू नका.

चाचणीत सड सापडला म्हणून लगेच ट्यूब सोडायची नसते. त्या सडाची नोंद करा, गाय ओळीत शेवटी न्या, आठवड्याने पुन्हा तपासा. पुन्हा घट्ट आलं तर औषध देण्याआधी दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. औषधानंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू उगवतीलच असं नाही. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पहिल्या धारा टाका, निर्जंतुक बाटलीत थोडं दूध घ्या, झाकण लगेच लावा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. कोणतं प्रतिजैविक लागू पडेल हे तिथल्या तपासणीतून कळतं.

उघड दगडी आणि डॉक्टरांना कधी बोलवायचं

गाय मलूल, कान थंड, दूध पाण्यासारखं पिवळसर, काही तासांत बसून राहिलेली: हे बहुधा शेणातल्या ई. कोलायसारख्या जंतूंचं काम. यात सकाळपर्यंत थांबायचं नसतं. सड किंवा कासेचा भाग गार, निळा-काळा पडत असेल तरीही तसंच, तिथे ऊतक मरत चाललेलं असतं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

गाय चांगली आहे पण दुधात फुटी आहेत, एक सड थोडा सुजला आहे, अशा वेळीही डॉक्टरांना दाखवा. मधल्या काळात त्या सडाचं दूध दिवसातून अनेकदा काढून टाका. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सांगितलेला लेप लावता येतो: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम एकत्र वाटायचं, त्यातला थोडा भाग पाण्यात पातळ करून धुऊन पुसलेल्या कासेवर दिवसातून आठ-दहा वेळा, निदान पाच दिवस. सूज उतरायला याची मदत होते. ताप असलेल्या गाईला मात्र फक्त लेपावर ठेवू नका.

प्रतिजैविकाची ट्यूब एका सडात सोडली तरी औषध रक्तातून बाकीच्या तीन सडांच्या दुधातही उतरतं. म्हणून वेष्टनावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत चारही सडांचं दूध डेअरीला घालायचं नाही. आणि दोन दिवसांत फुटी गेल्या म्हणून औषध मध्येच थांबवायचं नाही. स्टॅफिलोकॉकस कासेत आत गाठी करून बसतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उठतो, तो अशाच अर्धवट उपचारांवर.

आटवणं

व्यायच्या ६० दिवस आधी गाय आटवा, म्हणजे तिची धार पूर्ण बंद करा. हळूहळू एक वेळ, मग एक दिवसाआड धार काढत आटवण्याची पद्धत सोडा. अधूनमधून काढलेल्या धारेने नळी पुन्हा पुन्हा उघडते आणि तिच्यात केरॅटिनचं बूच बसत नाही. आठवडाभर खुराक बंद करून, कोरड्या वैरणीवर ठेवून दूध कमी करा, मग एके दिवशी शेवटची धार पूर्ण काढा आणि थांबा. फार दुधाच्या गाईत दूध आधी उतरवायला थोडे जास्त दिवस लागतात.

शेवटच्या धारेनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने चारही सडांत आटवतानाची वेगळी ट्यूब सोडतात. इथे हात चुकला तर औषधाबरोबर घाणही आत जाते. सडांची टोकं स्पिरिटच्या बोळ्याने पुसताना आधी पलीकडचे दोन, मग आपल्याकडचे दोन. ट्यूब सोडताना उलटं: आधी आपल्याकडचे, मग पलीकडचे, म्हणजे पुसलेल्या टोकाला हात घासत नाही. ट्यूबची नळी पूर्ण आत खुपसू नका, तीन-चार मिलिमीटर पुरे. पूर्ण खुपसली तर नळीतला केरॅटिन थर वर ढकलला जातो. मग सड बुडवा आणि गाय कोरड्या जागी बांधा.

पुढचे काही दिवस कास ताणलेली दिसेल, ती पिळू नका. दूध आपोआप शोषलं जातं. कास लाल, गरम झाली, गाय खायची थांबली, तरच डॉक्टर. आटवल्यावरचे पहिले दोन आठवडे आणि व्यायच्या आधीचे दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे, त्या काळात सड रोज नजरेखालून घाला. भाकड गाय म्हणून तिला गोठ्याच्या ओल्या कोपऱ्यात सरकवतात, पुढच्या वेताची दगडी पुष्कळदा तिथेच सुरू होते. मुक्त गोठ्यात पावसाळ्यात चिखल झाला तर भाकड गाईंना आधी कोरडी जागा द्या. जमिनीवर चुना भुरभुरायचा तर पातळ, जाड थराने सडाची कातडी भाजते. बसायला लाकडाचा भुसा वापरत असाल तर तो कोरडाच हवा, ओल्या भुशात दगडी करणारा क्लेबसिएला हा जंतू वाढतो.

सडाच्या जखमा, चिरा आणि बंद पडलेला सड

चिरांसाठी ग्लिसरीनयुक्त द्रावण धारेनंतर नेमाने लावलं की बहुतेक भरून येतात. पुरळ, फोड, खपल्या असतील तर गोष्ट वेगळी. लाळ्या-खुरकुत, देवी, २०२२ मध्ये राज्यभर पसरलेली लम्पी, या सगळ्यांत सडावर फोड किंवा गाठी येतात. देवीचे काही प्रकार धार काढणाऱ्याच्या बोटांवरही उठतात, त्यात म्हशीची देवीही आली. अशा जनावराची धार शेवटी आणि हातमोजे घालून काढा.

सड कापला, फाटला आणि जखमेतून दूध येऊ लागलं तर घरी टाके घालणं, हळद, तंबाखू काही नको. स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड गुंडाळा आणि त्याच दिवशी डॉक्टर. ताजी जखम काही तासांत शिवली तर जुळते. जुनी होऊन तिथून कायमचं दूध गळू लागलं तर बहुतेक वेळा गाय भाकड होईपर्यंत थांबून शस्त्रक्रिया करावी लागते.

धार अचानक बारीक झाली किंवा थांबली, पण वर कास भरलेली आहे, म्हणजे वाटेत अडथळा आहे. इथेच गोठ्यात उदबत्तीची काडी, कडुनिंबाची काडी, सायकलची तार बाहेर निघते. काडीने धार सुटतेही, आणि चार दिवसांत तो सड जातो. अडथळा टोकाच्या नळीत आहे, मधल्या पोकळीत आहे की मुळाशी, यावर उपचार ठरतो आणि टोकाचा अडथळा डॉक्टर खास हत्याराने नेमका मोकळा करतात. म्हशीची नळी गाईपेक्षा लांब आणि कडं घट्ट असतं. तिची धार मुळातच जड असते, तिला अडथळा समजून काडी घालू नका.

कालवडींचं थोडं. जादा सड असतील तर एक-दोन महिन्यांच्या वयातच डॉक्टरांकडून काढून घ्या, मोठेपणी जखम मोठी होते आणि मुख्य सडाला चिकटून असलेला जादा सड धारेच्या आड येतो. कालवडी एकमेकींचे सड चोखत असतील तर त्या वेगळ्या बांधा. दूध न देणाऱ्या सडाची नळी चोखण्याने उघडते आणि ती कालवड पहिल्या वेतालाच एक सड गेलेला घेऊन उभी राहते. टोकावर खपल्या करणाऱ्या माश्याही तेच करतात. गाभण कालवडींच्या गोठ्यात माश्यांचा बंदोबस्त दुभत्या गाईंइतकाच करा, आणि व्यायच्या महिनाभर आधीपासून कासेला रोज हात लावायची सवय लावा, म्हणजे पहिल्या धारेला ती लाथ झाडणार नाही.